अर्ध्या मिलिमीटरचा घातपात

१

शनिवारी सकाळी साडेनऊला वैभवी सहस्रबुद्धेचं पिस्तूल पहिल्यांदा अडकलं. दुसऱ्यांदा नऊ पस्तीसला. सहाव्यांदा अडकलं तेव्हा तिने ते टेबलावर ठेवलं, कानावरचे मफ्स काढले आणि शारजाच्या वाळवंटातल्या त्या नेमबाजी क्लबात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा अपघात नाही. ह्यामागे माणूस आहे."

वैभवी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका खोके बनवणाऱ्या कंपनीत एचआर मॅनेजर होती. तिच्या अनुभवात कुठलीच गोष्ट आपोआप घडत नसे. प्रत्येक गोष्टीमागे एक माणूस असतो आणि त्या माणसाला पत्र देता येतं.

त्या दिवशी क्लबाच्या संघाची निवड होती. पन्नास गोळ्या, जागा चार. पहिल्या दहा गोळ्यांतच वैभवी तिसऱ्या नंबरावरून तेराव्यावर आली होती. स्पर्धक तेराच होते.

क्लबाचे मॅनेजर राजाभाऊ धावत आले. "यल्ला, यल्ला, सगळे मागे व्हा!" असं म्हणून त्यांनी स्वतःच सगळ्यांत पुढे जागा घेतली. काडतुसांच्या पेटीवर प्रल्हाद कारखानीसचं लेबल होतं. क्लबाची काडतुसं गेली एकोणीस वर्षं तोच भरत होता. वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, तपासायच्या, पुन्हा भरायच्या. सगळं परवान्यानं आणि सगळं रजिस्टरात.

कोणीतरी लांबी मोजायचा व्हर्नियर आणला. काडतूस ठरल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लांब निघालं. दुसरंही अर्धा मिलिमीटर. दहावंही तेवढंच, बरोबर अर्धा.

"निष्काळजीपणा असता तर कमीजास्त निघाली असती," वैभवी म्हणाली. "हे मोजून केलंय."

राजाभाऊंनी दोन पावलं मागे जाऊन तो शब्द उच्चारला. बरीच वर्षं तो त्यांना कुठेतरी वापरायचा असावा.

"घातपात!"

२

बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत एक टायपिंग सेंटर आहे. लोकांचे सरकारी अर्ज अरबीत भरून देणारं दुकान. प्रल्हादची थोरली बहीण मंजुषा तिथे बावीस वर्षं काऊंटरवर बसत होती. एवढ्या काळात तिने माणसांबद्दल एकच निष्कर्ष काढला होता: लोक कागदावर खोटं कमी लिहितात, चुकीचं फार लिहितात.

भाऊ-बहीण शारजातल्या अल मजाजमधल्या एकाच टॉवरमध्ये राहत, तो सातव्या मजल्यावर, ती अकराव्या. शनिवारी संध्याकाळी प्रल्हाद वर आला तो गाल धरूनच. गुरुवारी त्याची अक्कलदाढ काढली होती.

"चारशे दिऱ्हम घेतले," तो म्हणाला. "म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये. एका दाताचे."

"दाताचं रडगाणं नंतर. क्लबात काय झालं ते सांग."

प्रल्हादने खिशातून पिस्तुलाची मोकळी नळी आणि दोन नकली काडतुसं काढली. दारू नसलेली, शिकवण्यासाठीची. ह्या माणसाच्या खिशात सुटे पैसे कधी नसत.

"ही बघ." त्याने पहिलं काडतूस नळीत सोडलं. टुप्प असा आवाज झाला. "असं टुप्प म्हणायला पाहिजे. बोटाने फिरवलं तर फिरलं पाहिजे. आता हे दुसरं, लांब." ते गेलं, पण मुकाट्याने, आणि थोडं वरच राहिलं. "गोळीचं नाक नळीतल्या आट्यांना टेकलं. म्हणजे काडतूस पूर्ण बसत नाही, गनवरची सरकती स्लाइड मिटत नाही, खलास. एक चांगलं काडतूस कोणीही करेल, ताई. दोनशे एकसारखी करणं म्हणजे काम."

"मग लांब का केलीस?"

"मी केलीच नाहीत! वैभवीची गन नवीन आहे, तिची नळी आतून घट्ट. आपली नेहमीची लांबी एकोणतीस मिलिमीटर. तिच्यासाठी अठ्ठावीस हवी. गुरुवारी मला बोलता येत नव्हतं, तोंड बधीर. म्हणून मुझम्मिलला चिठ्ठी लिहून दिली आणि घरी आलो. चिठ्ठी अजून मशीनवर आहे. अठ्ठावीस पॉइंट शून्य, स्वच्छ लिहिलंय."

"आणि भरली गेली साडेअठ्ठावीस."

"पुढच्या शनिवारी कमिटी बसणार आहे. राजाभाऊ म्हणतात, खोली बंद करू, कारखान्याची काडतुसं विकत आणू." प्रल्हाद नळी न्याहाळत म्हणाला, "खोली बंद म्हणजे मी बंद. मी बंद म्हणजे व्हिसा बंद. अस्मीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, पोरगी माझ्याच व्हिसावर. आणि हेमा तिच्या आईच्या मोतीबिंदूसाठी पुण्याला. बायकोला फोनवर काय सांगू?"

"काही सांगू नकोस. खोलीत कोण कोण जातं?"

"मी आणि मुझम्मिल. राजाभाऊंकडे जादा किल्ली असते. अस्मी शिकाऊ आहे, पण नियमाप्रमाणे आमच्यापैकी कोणी सोबत असेल तरच."

मंजुषाने दुसरं काडतूस उचलून दिव्यासमोर धरलं.

"प्रल्हाद, मशीन आधी एकोणतीसवर होतं ना? मग ज्याला वैभवीची गन अडकवायची होती, त्याने मशीनला हात तरी कशाला लावला?"

३

रविवारी मंजुषा क्लबात पोचली, तेव्हा राजाभाऊंच्या ऑफिसात एसी इतका गार होता की ते स्वतः जाकीट घालून बसले होते. टेबलावर एक नकाशा पसरला होता. काडतुसं भरायच्या खोलीच्या जागी त्यावर गुलाबी रंग दिला होता.

"कॉफी कॉर्नर," राजाभाऊ म्हणाले. "लोक रील्स काढायला येतील. फाल्कन कॉफी, टार्गेट कुकीज."

"म्हणजे खोली बंद झाली तर तुमची सोय आहे."

"ताई, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?" राजाभाऊंचा चेहरा खुलला. त्यांच्यावर आजवर कोणी एवढा विश्वास टाकला नव्हता.

मंजुषाने व्हर्नियर पुढे केला. "जरा हे काडतूस मोजता का?"

राजाभाऊंनी तो उलटा धरला. मग आडवा. मग चष्मा काढून पुन्हा उलटा. "चौदा," ते आत्मविश्वासाने म्हणाले. "चौदा इंच."

मंजुषाने यादीतून एक नाव खोडलं. अर्धा मिलिमीटर सरकवणं ही ह्या गृहस्थाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती.

वैभवी बाहेर पार्किंगमध्येच भेटली. "मंजुषाताई, माझं प्रल्हादकाकांशी वैर नाही. पण तीन महिने पहाटे उठून मी इथे येतेय. ऑफिसात मला सगळे घाबरतात. इथे एका कागदाच्या टार्गेटसमोर माझे हात थरथरतात, आणि ते मला आवडतं. ते कोणीतरी माझ्याकडून काढून घेतलं. मला नाव पाहिजे."

"आणि नाव मिळालं की?"

"पत्र देणार," वैभवी म्हणाली.

४

काडतुसांची खोली दहा बाय दहाची. मध्यभागी हाताने चालवायचं प्रेस, भिंतीला पुंगळ्यांच्या बरण्या. लेबलं पाहून एखाद्या सुगरणीचं स्वयंपाकघर वाटावं. प्रेसवर चुंबकाने लावलेली प्रल्हादची चिठ्ठी होती. लफ्फेदार देवनागरी आकड्यांत फक्त दोन ओळी: २८.० आणि खाली २००. शब्द एकही नाही. बधीर तोंडाचा माणूस हातानेही कमी बोलतो.

मुझम्मिल हैदराबादचा. प्रल्हादबरोबर अकरा वर्षं. तो मंजुषाकडे न बघता म्हणाला, "आपा, तकलीफ क्यों करते. मैंने भरे. भूल हो गई. राजाभाऊ को बोल दो, मुझम्मिल ने किया."

"किती भरली?"

"दो सौ."

मंजुषाने मोजायला घेतलं. पन्नासची एक पेटी वैभवीने फोडलेली. चार पेट्या सीलबंद. आणि खिडकीत चहाच्या कपात पाच सुटी काडतुसं.

"ही तर दोनशे पंचावन्न झाली."

"हौ… ज़्यादा बन गए."

"मुझम्मिलभाई, इथे एकेक काडतूस रजिस्टरात चढतं. प्रल्हाद सांगतो, तुम्ही एक जास्त झालं तर जेवत नाही. आणि पंचावन्न जास्त झाली?"

मुझम्मिल बरण्यांची लेबलं सारखी करायला लागला.

"बरं. ही चिठ्ठी वाचा."

मुझम्मिलने मान वर केली. अकरा वर्षं तो प्रल्हादचं रजिस्टर वाचत होता. सवयीनेच तोंडातून निघालं, "अठ्ठाईस पॉइंट ज़ीरो. दो सौ." आणि मग त्याने डोळे मिटले. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं होतं.

"तुम्हाला चिठ्ठी बरोबर वाचता येते," मंजुषा म्हणाली. "म्हणजे ही काडतुसं तुम्ही भरली नाहीत. कोणासाठी खोटं बोलताय?"

"आपा," मुझम्मिल हात जोडून म्हणाला, "ये बात नक्को पूछो. मेरी नौकरी जाने दो."

५

रविवारी टायपिंग सेंटर बंद असतं. सोमवारी मंजुषा काऊंटरवर आली ती ह्याच विचारात. दोनशे पंचावन्न. घातपात करणारा माणूस काडतुसं लांब करेल, हे ठीक. पण पंचावन्न जास्तीची कशाला करेल? घातपाताची हौस म्हणून?

समोर नांदेडचे एक गृहस्थ बसले होते. ग्रामपंचायतीचा मराठी जन्मदाखला घेऊन आले होते. त्यांचा कागद नवीन अरबी टायपिस्टाकडे गेला होता. तो इजिप्तचा, गोड स्वभावाचा, नोकरीचा दुसरा आठवडा. तो आतून ओरडला, "मॅडम! हा माणूस कोणत्या तारखेला जन्मला?"

"दाखल्यावर आहे ना."

"आहे. पण पंचाण्णव तारीख कोणत्या महिन्यात येते?"

नांदेडचे गृहस्थ घाबरून उभे राहिले. "ताई, माझी दहा आहे हो!"

मंजुषाने कागद हातात घेतला. १०. मराठी एक आणि मराठी शून्य. पण अरबीत नऊचा आकडा थेट आपल्या एकासारखा. अरबी पाच म्हणजे नुसतं गोल, आपल्या शून्यासारखं. आणि अरबी शून्य म्हणजे फक्त एक ठिपका. दहाचे पंचाण्णव झाले होते. माणूस प्रामाणिक होता, फक्त चुकीच्या डोळ्यांनी वाचत होता.

खोलीत घेतलेला चिठ्ठीचा फोटो तिने फोनवर उघडला. दोन आणि आठ दोन्हीकडे ओळखू येण्याइतके सारखे. मधला ठिपका खाली ओळीवर, म्हणजे दशांशाचाच. आणि गोलाला पाच म्हटलं तर? २८.० चे साडेअठ्ठावीस. २०० चे दोनशे पंचावन्न.

कोणी मशीन बिघडवलं नव्हतं. कोणीतरी चिठ्ठी अगदी मन लावून पाळली होती.

आता प्रश्न एवढाच होता, अरबी आकडे सराईतपणे वाचणारं, पण मराठी आकडे कधीच न शिकलेलं माणूस त्या खोलीत कोण गेलं? राजाभाऊंना दोन्हीकडे अंधार. वैभवीला येऊन तीनच वर्षं झालेली, तिला अरबीतला एकसुद्धा येत नव्हता, आणि खोलीची किल्लीही तिच्याकडे नव्हती. मुझम्मिलला दोन्ही येत होते.

नाव समोर आलं तेव्हा मंजुषाने फोन पालथा ठेवला. नांदेडच्या गृहस्थांना तिने पाणी दिलं आणि अर्धा ग्लास स्वतःही प्यायली.

६

संध्याकाळी खालिद लगूनच्या कठड्यापाशी ती अस्मीला घेऊन बसली. प्रल्हादची मुलगी, वय एकवीस. जन्म शारजाचा, शाळेत अरबी शिकलेली, घरात मराठी ऐकणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. हातात मक्याच्या दाण्यांचा कप, पण खात नव्हती.

"आत्या, आय ॲम नॉट हंग्री."

"खाऊ नकोस. हे वाच." मंजुषाने फोन पुढे धरला.

अस्मीने बघितलं. "ट्वेंटी एट पॉइंट फाइव्ह. टू हंड्रेड फिफ्टी फाइव्ह. आत्या, आय डिड एक्झॅक्टली धिस! आय चेक्ड ट्वाइस!" आणि मग ती थांबली, कारण आत्याचे डोळे भरले होते.

"ते अरबी नाही गं, राजा. मराठी आहे. ते गोल म्हणजे शून्य."

अस्मीने बोटांनी फोटो मोठा केला. मग सगळं बाहेर आलं, निम्मं इंग्रजी, निम्मं हुंदके. गुरुवारी शाळेच्या मुलांची सहल आली होती, मुझम्मिलला तिकडे जावं लागलं. अंकल, मी भरते, बाबांना लहानपणापासून बघतेय, असं तिनेच म्हटलं. भरून झाल्यावर तिने क्लबाच्या जुन्या नळीत टाकूनही बघितलं, टुप्प म्हणालं. ती नळी सैल. वैभवीची घट्ट. शनिवारी गन अडकली तेव्हा तिला वाटलं, आपण तर बरोबर केलं, म्हणजे मागाहून कोणीतरी बदललं. पण बोललं असतं तर तिला एकटीला सोडल्याबद्दल मुझम्मिलची नोकरी गेली असती.

"पण तुला शंका कशी आली नाही? बाबा कधी अरबीत लिहितो का?"

"नेव्हर," अस्मी म्हणाली. "म्हणूनच. आय थॉट… मला वाटलं, मला वाचता यावं म्हणून त्याने लिहिलं. फॉर मी. आय वॉज सो हॅपी, आत्या."

मंजुषाने तिच्या हातातला कप घेतला आणि तिला जवळ ओढलं. मग म्हणाली, "कमिटीसमोर मी बोलू की तू?"

७

शनिवारी कमिटी बसली म्हणजे राजाभाऊ, दोन ज्येष्ठ सभासद आणि खजूर. मंजुषाने घसा साफ केला, तेवढ्यात अस्मीच उभी राहिली. तिने सगळं सांगितलं, मराठीत. व्याकरणाचे हाल झाले, पण एक शब्द गाळला नाही.

मुझम्मिल ताडकन उठला. "साब, बच्ची का कुछ नहीं. मैं छोड़ के गया था."

"नाही, चूक माझी," प्रल्हाद म्हणाला. गाल आता उतरला होता, आवाज मात्र सुजलेला. "एकवीस वर्षांत मी हिला पिस्तूल धरायला शिकवलं, श्वास रोखायला शिकवलं. एक ते दहा लिहायला शिकवायचं राहून गेलं."

"बाबा, डोन्ट," अस्मी म्हणाली.

"गप गं."

तीन माणसं एकाच गुन्ह्यासाठी भांडत होती. राजाभाऊंनी असा प्रकार पाहिला नव्हता. ते गोंधळून म्हणाले, "मग घातपात कोणी केला?"

"कोणीच नाही," मंजुषा म्हणाली. "घातपात करणाऱ्याला काही करायची गरजच नव्हती. मशीन एकोणतीसवर सोडलं असतं तरी गन अडकली असती. इथे कोणीतरी ते अठ्ठावीसकडे नेलं. अर्ध्या वाटेवर थांबलं, कारण चिठ्ठी तसं सांगते असं तिला वाटलं."

राजाभाऊंनी नकाशाची घडी केली, पण हातातून सोडली नाही. "तरीही नियम तो नियम. निवड पुन्हा घेऊ, बाकीच्यांचे गुण गेल्या शनिवारचेच. वैभवीमॅडम पन्नास गोळ्या झाडतील. एक जरी अडकली तरी खोली बंद, आणि प्रल्हादराव, तुम्हीसुद्धा… इन्शाल्ला, तसं होणार नाही."

"प्रल्हादकाका आजच नवीन भरतील," एक सभासद म्हणाले.

"नाही." वैभवी कोपऱ्यातून पुढे आली. तिच्या हातात खरोखरच एक पाकीट होतं. ते तिने पर्समध्ये टाकलं. "अस्मीने भरायची. एचआरमधला माझा अनुभव आहे. ज्या माणसाची एक चूक सगळ्यांसमोर वाचली गेली, तो पुढची वीस वर्षं सगळ्यात भरवशाचा."

जुनी काडतुसं पुन्हा दाबून आखूड करू, असं राजाभाऊंनी सुचवलं. प्रल्हादने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर त्यांनी काही सुचवलं नाही. एकदा तोंड आवळलेलं काडतूस प्रल्हाद पुन्हा दाबत नसे. नवीन पुंगळ्या निघाल्या. प्रेससमोर अस्मी बसली, मागे प्रल्हाद हात पाठीशी बांधून उभा राहिला. पन्नासातलं प्रत्येक काडतूस तिने वैभवीच्याच नळीत टाकून बघितलं. दार उघडं होतं, आणि बाहेर बाकावर मंजुषा आणि मुझम्मिल एकेक टुप्प ऐकत बसले. विसाव्यानंतर मुझम्मिल जपाच्या तस्बीहचे मणी ओढायला लागला.

दुपारी वैभवी लाइनवर उभी राहिली. पहिली गोळी सुटली, पुंगळी उडाली, स्लाइड मिटली. दुसरी. दहावी. अस्मी भिंतीकडे तोंड करून उभी होती. प्रल्हाद डोळे उघडे ठेवून उभा होता, पण काही बघत नव्हता, फक्त ऐकत होता. तिसावी. एकेचाळिसावी. राजाभाऊसुद्धा हळूहळू मोजायला लागले होते, आणि ते मोजताना आपला कॉफी कॉर्नर जातोय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पन्नासावी सुटली. स्लाइड मागे जाऊन थांबली, मॅगझिन रिकामं झाल्यावर थांबायला हवी तशीच.

मुझम्मिल ओरडला, प्रल्हादने अस्मीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचा विसरला. राजाभाऊंनी त्या गडबडीत सगळ्यांना खजूर वाटले. मग कोणीतरी जाऊन टार्गेट आणलं.

वैभवीचा नंबर अकरावा आला होता.

तिने टार्गेट उलटं करून पाहिलं. पिस्तूल पाहिलं. प्रेसच्या खोलीकडे पाहिलं. पन्नासच्या पन्नास काडतुसं निर्दोष होती, हे सगळ्या क्लबासमोर सिद्ध झालेलं होतं. ती सावकाश मंजुषाजवळ आली.

"मंजुषाताई," ती म्हणाली, "आता हे कोणी केलं ते शोधा."